बर्लिनला प्रवेश मिळाला, खोली मिळेना

"मॅडम, आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर घर दुसऱ्याला जाईल म्हणतायत. भरून टाकू का?"

ऑगस्टच्या मध्यावर सांगलीहून एका वडिलांचा हा फोन आला. मुलीला बर्लिनमध्ये मास्टर्सला प्रवेश मिळाला होता, व्हिसा हातात होता, तिकीट २५ सप्टेंबरचं काढलेलं होतं. फक्त राहायची सोय झाली नव्हती. जुलै ते ऑक्टोबर या काळात आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची हीच काळजी असते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तीन-चार विद्यार्थ्यांचे अनुभव एकत्र करून ही हकीकत लिहिली आहे.

जाहिरात होती प्रेन्झलाउअर बेर्ग या महागड्या भागातल्या दोन खोल्यांच्या सजवलेल्या फ्लॅटची. भाडं सगळं धरून ४८० युरो. मालक "कामानिमित्त स्पेनमध्ये" होता. ९६० युरो डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअरने येणार होती, आणि पसंत नसेल तर पैसे परत. सोबत पासपोर्टची प्रत मागितली होती.

वडिलांना आम्ही एवढंच सांगितलं, "काका, पैसेही पाठवू नका आणि पासपोर्टही." ही फसवणूक जुनी आहे आणि तिचा साचाही बदलत नाही: भाव बाजाराच्या निम्मा, मालक परदेशात, घर बघायची सोय नाही, वर घाई. जर्मन कायद्यात डिपॉझिटचा पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. करारच झालेला नसताना कुणी डिपॉझिट मागत असेल, तर बोलणं तिथेच थांबवायचं. जाहिरातीतले फोटोच इंटरनेटवर टाकून ते आणखी कुठे आहेत हे शोधून पाहिलं, तर तेच फोटो बऱ्याचदा एखाद्या हॉटेलच्या पानावर सापडतात.

मग हिशेब मांडला. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. दरमहा त्यातले ९९२ हाती येतात. सरकारी आरोग्य विम्याला सुमारे १४० ते १५० जातात. किराणा, फोन, सत्राचं शुल्क आणि थोडी शिल्लक धरली, की भाड्याला पाचशेच्या आसपास उरतात. बर्लिनमध्ये सामायिक फ्लॅटमधल्या, म्हणजे तिथल्या भाषेत 'वेगे'मधल्या, खोलीचा सरासरी भाव साडेसहाशेच्या घरात आहे. पाचशेत खोली मिळते, पण ती शोधावी लागते आणि त्याला वेळ लागतो. खासगी विद्यार्थी अपार्टमेंटं चटकन मिळतात, पण त्यांचं भाडं सातशेच्या पुढे, अनेकदा नऊशेपर्यंत जातं.

जाहिरातीत दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे मिळवून. तुलना नेहमी वार्ममीटेची करा, आणि वीज व इंटरनेट त्यात आहे का ते वेगळं विचारा. बहुतेक वेळा नसतं. शिवाय रेडिओ-टीव्ही शुल्क महिना १८.३६ युरो, पण ते माणशी नसून घरामागे असतं, त्यामुळे वेगेत वाटून घेता येतं.

मुलीने स्वतःहून दुसरी एक खोली शोधली होती. ३५० युरो, माणसं खरी, व्हिडिओ कॉलवर घरही दाखवलेलं. जाहिरातीच्या तळाशी एक ओळ होती: आनमेल्डुंग शक्य नाही. "तेवढं चालेल ना?" तिने विचारलं.

नाही चालत. या सगळ्या शोधात आम्ही सर्वात जास्त वेळ याच मुद्द्यावर घालवतो. आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो. या नोंदणीशिवाय कर क्रमांक पत्त्यावर येत नाही. तो नसला की अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सर्वात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. रहिवासी परवाना वाढवताना परकीय नागरिक कार्यालय हीच नोंद मागतं, आणि बऱ्याच बँकाही. महिना दीडशे युरो वाचवून घेतलेली अशी खोली दोन-तीन महिन्यांत सगळी कामं अडवून ठेवते. म्हणून मालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नको, आनमेल्डुंगचा विचारा.

काही ऑनलाइन गटांमध्ये शंभर-दीडशे युरोंत "नुसता पत्ता" विकणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रत्यक्ष राहत नसताना नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला तिथे ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंदणी करणाराही त्यातून सुटत नाही.

तिचा शोध आम्ही दोन टप्प्यांत मांडला. आधी तीन महिन्यांचं तात्पुरतं छप्पर, नोंदणीसह. कायमची खोली तिथे पोचल्यावर, डोळ्यांनी बघून. त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्जही भरायला लावला. बर्लिनमध्ये वसतिगृहं चालवणाऱ्या 'श्टुडीरेंडनवेर्क'चं भाडं बाजारापेक्षा बरंच कमी असतं, पण रांग लांब असते. हा अर्ज खरं तर प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात भरायचा. तिचे सहा आठवडे व्हिसाच्या धावपळीत गेले होते.

तात्पुरत्या जागेला 'त्स्विशनमीटे' म्हणतात. कुणी एका सत्रासाठी बाहेरगावी जातं आणि आपली सामानासकट खोली तेवढ्यापुरती देतं. इथे एकच पथ्य: मूळ भाडेकरूने घरमालकाची परवानगी घेतली आहे का ते लेखी विचारा.

तिने तोवर साठ-सत्तर निरोप पाठवले होते आणि एकालाही उत्तर नव्हतं. निरोप वाचल्यावर कारण कळलं. सगळ्यांना एकच इंग्रजी मजकूर गेला होता: मी प्रामाणिक, मेहनती विद्यार्थिनी आहे, मला खोलीची फार गरज आहे. वेगेतली माणसं गरज बघून खोली देत नाहीत. रोज स्वयंपाकघरात आपल्यासोबत कोण उभं राहणार, हे ती बघतात. निरोप नव्याने लिहिला, साध्या जर्मनमध्ये, दहा ओळींत. पहिल्या ओळीत त्या जाहिरातीतलीच एखादी गोष्ट, मग शिक्षण, कधीपासून कधीपर्यंत, रोजचा दिनक्रम, साफसफाईच्या पाळ्या मान्य असल्याचं, आणि फोडणी देताना खिडकी उघडते हेसुद्धा. जाहिरात पडल्यापासून तासाभरात निरोप जायला हवा. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे शंभर निरोप जमलेले असतात. पुढच्या बावीस निरोपांना पाच उत्तरं आली आणि लिश्टेनबेर्गमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५१० युरोंत खोली मिळाली. व्हिडिओ कॉलवर तिने दारावरच्या बेलची पाटी आणि टपालपेटी दाखवायला सांगितली. करारावर सही झाल्यावरच पैसे गेले.

तिथे पोचल्यावर पहिल्या दिवसाचं काम म्हणजे टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवणं. गंमत वाटेल, पण पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचे कागद सगळं टपालानेच येतं. नोंदणीची वेळ बर्लिनच्या कुठल्याही भागातल्या 'ब्युर्गरआम्ट'मध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, घेता येते. सकाळी रद्द झालेल्या वेळा ऑनलाइन पुन्हा खुल्या होतात, तेव्हा बघत राहायचं.

कायमच्या खोलीसाठी नकाशा रेल्वेवरून वाचायला सांगितला. तिचं कॉलेज आग्नेयेला, ओबरशोनेवायडेला. मग क्रॉइत्सबेर्ग किंवा नॉयक्योल्नसारख्या गर्दीच्या भागांच्या मागे लागण्याचं कारण काय? कार्ल्सहोर्स्ट, बाउमशुलेनवेग, आडलर्सहोफ, क्योपेनिक इथून एस-बान (शहरातली लोकल रेल्वे) नाहीतर ट्रामने लवकर पोचता येतं, आणि तिथे जाहिरातीमागे गर्दीही कमी. एक सावधगिरी मात्र हवी. शहराची हद्द ओलांडून शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात गेलात तर भाडं उतरतं, पण रहिवासी परवान्याचं कार्यालय बदलतं.

कागदांची एकच पीडीएफ: प्रवेशपत्र, ब्लॉक खात्याचा दाखला, आईवडिलांचं हमीपत्र, आधीच्या घरमालकाचं भाडं थकलं नसल्याचं पत्र. 'शूफा' हा पतअहवाल नव्या माणसाकडे नसतोच. तसं सरळ लिहायचं. पासपोर्टची प्रत घर बघून झाल्यावरच, तीही क्रमांक झाकून.

गर्दी नोव्हेंबरनंतर ओसरते. १ जानेवारीपासून तिला बाउमशुलेनवेगला एका वेगेत, मूळ भाडेकरूकडून, बिनसामानाची खोली मिळाली: काल्टमीटे ३९०, वार्ममीटे ४७०. डिपॉझिट तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे १,१७०, आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. तिने तो मागितला आणि मिळाला. ताबा घेताना मीटरचे आकडे, भिंतीवरचा प्रत्येक डाग आणि फरशीवरची चीर फोटोसह कागदावर घेतली. डिपॉझिट कापलं जातं ते बहुधा अशाच जुन्या डागांपायी. हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. हीटिंगचं बिल वर्षअखेरच्या हिशेबात अंगावर येतं. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, नाहीतर स्वयंपाकाच्या वाफेने भिंतीला बुरशी धरते.

मार्चमध्ये वसतिगृहाचं पत्र आलं: मे महिन्यापासून खोली, तीही स्वस्त. वडिलांचा फोन, "मॅडम, लगेच सोडू दे का?" करार बेमुदत होता आणि सोडायची सूचना तीन महिने आधी द्यायची होती. तीन नवे भाडेकरू आणून दिले की लगेच सुटका होते, असं तिथली मुलं एकमेकांना सांगतात, पण तसा सरसकट हक्क कायद्यात नाही. मूळ भाडेकरूशी बोलून, दोघांच्या सहीने करार आधी संपवणं हाच मार्ग होता. तो तयार झाला, फक्त बदली माणूस तिनेच शोधायचा होता. तिने जाहिरात लिहिली आणि पहिल्याच ओळीत घातलं: वार्ममीटे ४७०, आनमेल्डुंग शक्य. पहिल्या तासात चाळीस निरोप आले.