‘खातो की, दोन चमचे’

वीस महिन्यांची लेक, पोटाला फीडिंग ट्यूब, आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी अमेरिकेला जावं का, असं विचारलंत ताई, आणि माझं जुनं सगळं वर आलं. आम्ही आलो तेव्हा माझा मुलगा 14 महिन्यांचा होता. त्यालाही ट्यूबच होती. व्हिसा, विम्याचं सगळीकडे वाचायला मिळेल, ते सोडते.

इथलं अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहानग्यांना सरकारी योजनेतून मिळणारी थेरपी आणि मदत, साधारण तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम 16 महिने. आईवडील स्वतः फोन करून मुलाचं नाव देऊ शकतात. त्यानंतर 45 दिवसांत तपासणी आणि पहिली मीटिंग व्हावी असा नियम आहे. आम्ही डॉक्टर पाठवतील म्हणून तीन महिने बसून राहिलो. आणि राज्य बदललं की पात्रतेचे नियमही बदलतात, म्हणून राहायचं कुठे ते आधी पक्कं करा.

तपासणीला दोघीजणी घरी आल्या. “चमच्याने खातो का?” मी म्हणाले, “खातो की, दोन चमचे.” खायचा, पण आठवड्यातून एखादे दिवशी. एरवी चमचा दिसला की मान फिरवून उमासे काढायचा. परक्यांपुढे लेकराचं उणं सांगायला जीभच रेटेना. कागदावर ‘चमच्याने खातो’ असं उतरलं आणि फीडिंग थेरपी महिन्यातून एकदाच मिळाली. आढावा दर सहा महिन्यांनी असतो. मधेही मागता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. ते सहा महिने माझ्यामुळे गेले, असंच मला आजही वाटतं. तुम्ही वाईटातला वाईट दिवस सांगा. व्हिडिओ काढून ठेवा.

थेरपिस्ट मात्र फार मायेची होती. ट्यूबमधून दूध जात असताना आमच्याच घरातला रिकामा चमचा त्याच्या ओठांना लावायची, पोट भरण्याची आणि तोंडाची सांगड बसावी म्हणून.

एकटेपणा आहे. रात्री दोनला ट्यूबच्या पंपाचा अलार्म वाजतो आणि हाक मारायला कोणी नसतं. सवय होते.

शाळेचं अजून सलतं. तिसऱ्या वर्षानंतर ही मदत शाळेकडून मिळते, आणि तीन वर्षं होण्याच्या किमान 90 दिवस आधी त्यासाठी मीटिंग होते. फीड कोण देणार, नर्स नसेल तर दुसरं कोण, हे आयईपीत, म्हणजे मुलाला शाळेत काय मदत मिळेल त्याच्या लेखी आराखड्यात, लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. मी केली. दुसऱ्याच आठवड्यात नर्स रजेवर, म्हणून “घेऊन जा” असा फोन आला. गेले तर तो दप्तर पाठीला अडकवून दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, आणि आत त्याच्या वर्गाचं गाणं चालू होतं.