वाचकांचे प्रश्न : माती, बांबू, चुना आणि कारखान्यात घडणारे घर

कमी प्रदूषण करणारी घरे या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून खासगी तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मुळशी तालुक्यात आम्हांला सुमारे 900 चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. एका व्यावसायिकाने भिंती आणि छप्पर कारखान्यात तयार करून तीन महिन्यांत उभे करता येईल असे ‘हरित’ घर सुचवले आहे. घर कारखान्यात तयार झाल्यामुळे कार्बन उत्सर्जन खरोखर कमी होते का? — एक वाचक, पुणे

केवळ कारखान्यात तयार झाल्यामुळे होत नाही. त्या व्यावसायिकाला पहिला प्रश्न विचारावा तो भिंत कशाची आहे हा, आणि भिंत कोठे तयार होते हा प्रश्न त्यानंतर विचारावा. एक टन साधे पोर्टलंड सिमेंट तयार होताना ढोबळमानाने 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी कितीही सुधारली तरी यातला निम्म्याहून अधिक भाग टळत नाही, कारण तो इंधनातून नव्हे तर चुनखडीच्या विघटनातून निघतो. आपल्याकडील पोलादाच्या बाबतीत हा आकडा टनामागे सुमारे 2.5 टन आहे. त्यामुळे पोलादाच्या सांगाड्यावर बसवलेले फोमचे पॅनल कारखान्यात कितीही नेटकेपणाने तयार झाले असले, तरी त्या पोलादाचा आणि फोमचा भार घराच्या खात्यावर जमा होतोच.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आपल्या देशातच आहे. केंद्र सरकारच्या लाइट हाऊस या नावाच्या घरबांधणी प्रकल्पांची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली आणि इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा व लखनौ या सहा शहरांत सहा वेगवेगळ्या पद्धती वापरल्या गेल्या. चेन्नईतील 1,152 घरांचे लोकार्पण मे 2022 मध्ये झाले, म्हणजे दीड वर्षाच्या आत. वेग, एकसारखा दर्जा आणि कमी नासाडी हे लाभ खरे आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तेथील प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेले) काँक्रीट, बोगदा-साचे (भिंती व स्लॅब एकदम ओतण्याचे साचे), पोलादी सांगाडे या पद्धती मुळात सिमेंट आणि पोलाद यांवरच उभ्या आहेत, आणि त्यांची रचना बहुमजली वसाहतींसाठी आहे. बंगलीवजा बैठ्या घरासाठी त्यांतून घ्यावे असे फारसे काही नाही.

नैसर्गिक साहित्य आणि कारखान्यातील जुळणी यांचा मेळ पाहायचा असेल तर इंग्लंडमधील लीड्स शहराच्या ब्रॅमली भागातील लायलॅक ही 20 घरांची सहकारी वसाहत पाहावी. ती 2013 मध्ये पूर्ण झाली. लाकडी चौकटींत गव्हाच्या काडाच्या गठ्ठ्या दाबून भरलेली पॅनले तेथे भिंती म्हणून उभी केली आहेत. अशी पॅनले तयार करण्यासाठी दूरचा मोठा कारखाना लागत नाही. बांधकामाजवळची एखादी शेतातील शेड काही काळ भाड्याने घेतली की तेथेच काम चालते. आपल्यासाठी अनुकरणीय आहे तो या पद्धतीचा हा दुसरा भाग. काडाची भिंत मुळशीच्या पावसात, दमट हवेत आणि उंदरांच्या तावडीत टिकवणे हे जोखमीचे काम आहे आणि मी तरी तिची शिफारस करणार नाही. पण मुळशीत पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम जवळपास थांबते. तेवढ्या काळात छपराच्या कैच्या, दारे-खिडक्यांच्या चौकटी, जिना आणि पोटमाळ्याच्या तुळया शेडमध्ये घडवून, त्यांवर क्रमांक टाकून ठेवल्या आणि दिवाळीनंतर उभारणी केली, तर कारखान्याचा वेग आणि गावच्या सुताराचे कौशल्य दोन्ही पदरात पडतात. लाकूड नवे घ्यायचे नसेल तर उतरवलेल्या जुन्या वाड्यांचे सागवान बाजारात मिळते. त्यासाठी नव्याने झाड तोडावे लागत नाही आणि ते पुरेपूर वाळलेलेही असते.

वाहतुकीचा बाऊ मात्र करू नये. पूर्ण भरलेला ट्रक लिटरला 4 किलोमीटर चालतो असे धरले तर 100 किलोमीटरला 25 लिटर डिझेल, म्हणजे सुमारे 67 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तेवढाच वायू सिमेंटच्या साधारण दीड गोणीमागे निघतो. परतीची रिकामी फेरी धरूनही हा आकडा एका घनमीटर काँक्रीटच्या निम्म्यापेक्षा कमीच राहतो. म्हणून शंभर किलोमीटरवरून आणलेला बांबू हा शेजारच्या गावात ओतलेल्या स्लॅबपेक्षा कितीतरी हलका पडतो. अर्थात अर्धवट भरलेल्या गाडीने चार खेपा केल्या तर हे गणित बिघडते.

प्रश्न : 1993 च्या भूकंपात आमच्या गावातील माळवदाची घरे जमीनदोस्त झाली. आता माझा मुलगा शेतावर मातीचे घर बांधू म्हणतो. ज्या मातीने माणसे गाडली तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवावा काय? — एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

आपल्या शंकेला हलकेपणाने उत्तर देणे योग्य होणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच दगावली आणि त्यानंतर मराठवाड्यात माती म्हणजे मृत्यू व स्लॅब म्हणजे सुरक्षा असे समीकरण रूढ झाले. ते रूढ होण्यामागचे दुःख खरे आहे. पडझडीची कारणे मात्र त्या समीकरणापेक्षा वेगळी आहेत.

त्या घरांच्या भिंती मुख्यतः दगडाच्या होत्या आणि माती त्यांत सांधण्यापुरती होती. दोन ते चार फूट जाडीच्या या भिंती म्हणजे वास्तविक दोन स्वतंत्र भिंती असत. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा आणि मधल्या पोकळीत गोटे व माती यांचा भराव. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच, त्यामुळे जमीन हादरताच दोन्ही थर विरुद्ध दिशांना फुगून ढासळले. वर माळवदाचा भार होता. गळती थांबवण्यासाठी दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढत जाई आणि छप्पर पिढ्यान्‌पिढ्या जड होत जाई. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे हेच छप्पर त्या रात्री माणसांवर कोसळले. उलट, लाकडी खांब-तुळयांचा खण जेथे सुस्थितीत होता तेथे भिंती बाहेर पडूनही छप्पर खांबांवर तरल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. दोष मातीपेक्षा बांधणीतल्या तुटकपणाचा आणि माथ्यावरच्या ओझ्याचा अधिक होता.

भारतीय मानक आयएस 13827 हे मातीच्या घरांच्या भूकंपरोधक बांधणीविषयीचे आहे आणि ते योगायोगाने 1993 मध्येच प्रसिद्ध झाले. त्यातील नियम गवंड्यालाही पाठ होतील इतके सोपे आहेत. भिंतीची उंची तिच्या जाडीच्या 8 पटींपेक्षा अधिक नसावी. दोन आडव्या भिंतींमधली लांबी जाडीच्या 10 पटींच्या आत असावी. दार-खिडकीची रुंदी 1.2 मीटरपेक्षा अधिक नसावी आणि ती कोपऱ्यापासून किमान तेवढीच दूर असावी. दारांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा अखंड पट्टा असावा. हा पट्टा काँक्रीटचाच हवा असे नाही, दोन समांतर लाकडी पट्ट्या आडव्या तुकड्यांनी जोडूनही तो करता येतो. माझे मत विचाराल तर जेथे जीव वाचवायचा आहे तेथे, म्हणजे जोते आणि दारांचा माथा या दोन पट्ट्यांत, लोखंड आणि सिमेंट वापरण्यास मागेपुढे पाहू नये. वाचवायचे असेल तर ते भिंतीच्या मधल्या भागात आणि छपरात वाचवावे.

तेव्हा मुलाला घर बांधू द्यावे, पण माळवद नको आणि मातीत रचलेली गोट्यांची भिंतही नको. यंत्राने दाबलेल्या, थोडे सिमेंट घातलेल्या मातीच्या विटा, वर पट्टे आणि हलके उतरते छप्पर अशी बैठी रचना त्याने करावी. भूकंपाच्या वेळी आपला भाग देशाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता आणि 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. म्हणून संरचना अभियंत्याची सही असलेला नकाशा असल्याशिवाय पाया खणू नये.

प्रश्न : आमची जमीन काळी आहे. तिच्याच मातीच्या विटा पाडता येतील का? — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना फाटते. ती तडकू नये म्हणून सिमेंट वाढवत जाण्याचा मोह होतो आणि तेथेच सगळा हेतू फसतो. एक घनमीटर दाबलेल्या विटांत साधारण 1,900 किलो माती असते. तिच्यात 5 टक्के सिमेंट म्हणजे सुमारे 95 किलो होते. घरकामात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एम-20 दर्जाच्या काँक्रीटच्या घनमीटरला 320 किलोच्या आसपास सिमेंट लागते, त्या तुलनेत हे तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. हेच प्रमाण 12 टक्क्यांवर नेले की 228 किलो होते. मग मातीचे घर हे नावापुरतेच उरते.

विहीर किंवा शेततळे खणताना निघणारा मुरूम आणि खडी केंद्रावरची बारीक चुरी मिसळून पाहावी. ऑरोव्हिल येथील मृदा संस्थेने सुचवलेले ढोबळ प्रमाण खडे 15, वाळू 50, गाळ 15 आणि चिकणमाती 20 टक्के असे आहे. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती भरून, उरलेल्या भागात पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती जोरात हलवावी व रात्रभर ठेवावी. खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात आणि प्रमाणाचा अंदाज येतो. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेतील ओल्या विटेच्या दाब-चाचणीवरच घ्यावा. शेतातला वरचा सुपीक थर कोणत्याही परिस्थितीत विटांसाठी खरवडू नये.

पायाचे वेगळे पाहावे लागेल. काळ्या जमिनीत भिंत मातीची असो वा काँक्रीटची, पाया हंगामी भेगांच्या खाली गेलाच पाहिजे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी कंदासारख्या फुगवलेल्या आखूड खांबांना साधारण 3.5 मीटर खोली लागते. त्यांना काँक्रीट लागते हे खरे, तरी तेवढ्या खोलीचे सलग चर भरण्यापेक्षा ते पुष्कळ कमी लागते.

प्रश्न : जांभ्याच्या भिंतींवर बांबूच्या कैच्या आणि मंगलोरी कौले घालण्याचा विचार आहे. बांबूला भुंगा लागतो असे सगळे सांगतात. — एक वाचक, कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग

जांभ्याची निवड उत्तम आहे. खाणीतून निघालेला चिरा भट्टीत भाजावा लागत नाही, उघड्या हवेत तो आणखी घट्ट होतो आणि बाहेरून गिलावा न करता नुसत्या दरजा भरूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

भुंग्याचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ते कच्च्या बांबूविषयी. भुंगा बांबूतल्या पिठूळ सत्त्वासाठी येतो. म्हणून तीन-चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा, आतले पडदे लांब सळईने फोडावेत आणि बोरिक ॲसिड व बोरॅक्स यांच्या द्रावणात तो बुडवून ठेवावा. हे क्षार पावसाच्या पाण्याने धुपून निघतात, त्यामुळे प्रक्रिया केलेला बांबूही उघड्यावर भिजता कामा नये. वळचण किमान अडीच-तीन फूट बाहेर काढावी आणि कैचीचा पाय थेट चिऱ्यावर न टेकवता लाकडी किंवा लोखंडी बैठकीवर घ्यावा. जुने काळे तेल फासण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

कैच्या जागेवर बांधण्याऐवजी कार्यशाळेत बनवून आणाव्यात, कारण बांबूची खरी परीक्षा सांध्यात असते. बोल्टसाठी आधी छिद्र पाडले नाही तर बांबू चिरतो, आणि बोल्ट जेथे येतो ते पेर सिमेंटच्या मसाल्याने भरावे लागते. हे काम शिडीवर उभे राहून नीट होत नाही. आपल्याच कुडाळमध्ये कोनबॅक ही संस्था बांबूवर प्रक्रिया करून बांधकामाचे भाग तयार करते, तेथे जाऊन पाहता येईल. खासगी जमिनीतला बांबू 2017 पासून वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला असल्याने स्वतःच्या बेटातला बांबू तोडणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. किनाऱ्यावरचा वारा लक्षात घेऊन कडेच्या दोन ओळींची कौले तारेने रिपांना बांधावीत आणि कैच्या भिंतीच्या पट्ट्याला बोल्टने जखडाव्यात.

प्रश्न : मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर ती अधिक टिकेल ना? आणि जेथे सिमेंट वापरावेच लागते तेथे कोणते घ्यावे? — एक वाचक, सातारा

उलट होते. सिमेंटचा गिलावा कडक असतो आणि वाफ अडवतो. पहिल्या बारीक भेगेतून आत गेलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे पाठीमागची माती मऊ पडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. माती आणि चुना यांचा गिलावा भिंतीबरोबर श्वास घेतो. चुना साधारण 900 अंशांवर भाजला जातो, तर सिमेंटच्या भट्टीला सुमारे 1,450 अंश तापमान लागते. शिवाय भाजताना दगडातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी बराचसा भाग चुना वाळून घट्ट होताना पुन्हा शोषून घेतो. भट्टीत जळलेल्या इंधनाचा धूर मात्र परत येत नाही, हे चुन्याच्या चाहत्यांनी विसरू नये. चुना पुरेसा विझवलेला आणि मुरलेला असावा, नाही तर भिंतीवर महिनाभराने फोड उठतात.

सिमेंट घेताना 53 ग्रेडच्या साध्या सिमेंटचा आग्रह घरासाठी अनावश्यक आहे. राखमिश्रित पीपीसीमध्ये 15 ते 35 टक्के औष्णिक वीज केंद्रातली राख असते, तर स्लॅगमिश्रित पीएससीमध्ये 25 ते 70 टक्के पोलाद कारखान्यातली धातुमळी (स्लॅग) असते आणि तेवढ्या प्रमाणात भट्टीत भाजलेला माल कमी लागतो. ही दोन्ही सिमेंटे सुरुवातीला सावकाश ताकद धरतात. म्हणून साचे काढण्याची घाई करू नये आणि पाणी मारण्याचे काम सात दिवसांवर न थांबवता किमान दहा दिवस चालू ठेवावे, उन्हाळा असेल तर दोन आठवडे. ठेकेदाराच्या करारात हे दिवस लिहून घ्यावेत.