एकाच साइटची चार लॉगिन सारखीच दिसतात? नावं बदला, पण आधी हिस्टरी कुठे आहे ते बघा

"ब्राउझरमधलं पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन उघडलं की एकाच बँकेच्या चार नोंदी, चारही सारख्या, आईची कुठली नि बायकोची कुठली कळत नाही" हे तुमचं वाचलं आणि माझे ते सतरा दिवस आठवले.

आई-बाबांची खाती एकाच दिवशी उघडलेली. कस्टमर आयडी शेवटचे दोन आकडे सोडले तर तंतोतंत सारखे. नोंद साठवताना एक्स्टेन्शनने साइटचा पत्ताच नाव म्हणून टाकला आणि मी तो तसाच राहू दिला. एका रात्री बाबांचा पासवर्ड बदलला. वर पट्टी आली, "साठवलेला पासवर्ड अपडेट करायचा?" कुणाचा, ते पट्टीवर नव्हतं. मी हो म्हटलं आणि बाबांचा नवा पासवर्ड आईच्या नोंदीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आईचं लॉगिन तीनदा चुकलं, खातं लॉक.

ऑनलाइन रीसेटला डेबिट कार्ड हवं. आईच्या कार्डाची मुदत संपलेली, नवं आलेलं नाही. मग शाखा. पहिल्या खेपेला "ग्राहकाने स्वतः यायचं". दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेलो तर सही करणारे साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला फॉर्म घेतला, पासवर्ड पोस्टाने. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या बाईला दोनदा पहिल्या मजल्यावर चढवलं, खुर्चीसुद्धा मीच मागितली. बँकेचं नाव घेत नाही, पण तो राग अजून गेलेला नाही.

आणि यातलं काहीच करावं लागलं नसतं. बहुतेक पासवर्ड मॅनेजर जुना पासवर्ड ठेवून देतात. बिटवॉर्डन नोंदीचे मागचे ५ पासवर्ड ठेवतो, कीपास-एक्ससीमध्येही प्रत्येक नोंदीला हिस्टरी असते. आईचा जुना पासवर्ड तिथे पडून होता, मला ते महिनाभराने कळलं. तुम्ही आजच एक नोंद उघडून हिस्टरी कुठे आहे ते बघून ठेवा.

आता दिसण्याचं. एक्स्टेन्शनची उघडणारी छोटी खिडकी, म्हणजे पॉपअप, अरुंद असतो आणि लांब नाव शेवटाकडून कापलं जातं. म्हणून जे वेगळं आहे ते आधी लिहा: "आई – बचत खातं", "बाबा – बचत खातं". बँकेचं नाव शेवटी, किंवा नकोच, चिन्ह दिसतंच. मी नावं रोमनमध्ये टाकतो, शोधताना कीबोर्ड बदलावा लागत नाही. आयकर पोर्टलच्या नोंदीत तर माणसाचं नाव आधी हवंच, कारण तिथे युजरनेम म्हणजे पॅन. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं, म्हणजे घरातल्या सगळ्यांची ती दोन अक्षरं बहुधा तीच.

बिटवॉर्डन असेल तर सेटिंग्जमध्ये अपिअरन्सखाली पॉपअपची रुंदी वाढवता येते.

नको त्या नोंदी दिसतात त्याचं कारण वेगळं. बिटवॉर्डन मुळात फक्त बेस डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचा मुख्य भाग, जुळवतो. माझं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे पीएफचं मालक म्हणून एक लॉगिन आणि सदस्य म्हणून दुसरं. दोन्ही पोर्टल ईपीएफइंडिया डॉट गव्ह डॉट इनखालीच, म्हणून दोन्ही नोंदी दोन्हीकडे डोकवायच्या. नोंदीच्या पत्त्यापुढचं मॅच डिटेक्शन (पत्ता कसा जुळवायचा ते) "होस्ट", म्हणजे साइटचं पुढच्या भागासकट पूर्ण नाव, असं केलं आणि प्रश्न मिटला. एक मात्र आहे, पासबुकची साइट वेगळ्या होस्टवर आहे आणि यूएएन (पीएफ सदस्याचा क्रमांक) आणि पासवर्ड सदस्य पोर्टलचाच चालतो. म्हणून सदस्याच्या नोंदीत दोन्ही पत्ते टाका, नाहीतर पासबुकवर यादी रिकामी येईल आणि तुम्ही तिसरी नोंद करून बसाल.

पानावरच, रकान्याखाली उघडणारी यादी मी बंद ठेवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मारेक टोथ या संशोधकाने डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत दाखवलं होतं की फसवं पान ती यादी अदृश्य करून आपल्याकडूनच क्लिक करवून घेऊ शकतं. पुढे बऱ्याच कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या, तरी माझं मत बदललेलं नाही. तुमचं वेगळं असू शकतं.

आणि हो, आई-बाबांचे बँक पासवर्ड आपण ठेवणं बँकेच्या नियमात बसत नाही. मी ठेवतो, पण तुम्ही ठेवा असं म्हणणार नाही.

अपडेटच्या पट्टीवर नोंदीचं नाव आणि युजरनेम दोन्ही दिसायलाच हवं, अशी मागणी मी तेव्हा वापरत होतो त्या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीकडे दोनदा केली. उत्तर आलं, "सूचनेबद्दल आभार". तुमचं एक्स्टेन्शन ती पट्टी कशी दाखवतं ते इथे लिहा, आणि तोवर त्या पट्टीवर हो म्हणू नका, नोंद उघडून हाताने बदला.