अलिप्त की तटस्थ?

प्रश्न असा : 'बातम्यांत कधी भारताची "अलिप्त भूमिका" असते, कधी "तटस्थ भूमिका". अर्थ एकच ना?'

नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यापैकी कुणाच्याच गटात न जाण्याचं 'अलिप्ततेचं' धोरण आखणाऱ्या नेहरूंना तर हे मुळीच पटलं नसतं.

तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा. पाण्यात दोघांची झटापट चाललीये आणि आपण कोरडे. (जुन्या मराठीत 'तटस्थ झाला' म्हणजे थक्क होऊन जागीच थिजला, असाही अर्थ होता.) मतदानाला हा शब्द चपखल बसतो. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरचा ठराव आला तेव्हा १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि भारतासह ३५ तटस्थ होते.

अलिप्त म्हणजे न माखलेला. गीतेच्या पाचव्या अध्यायातलं कमळाचं पान आठवा. ते असतं पाण्यातच, पण पाणी त्याला चिकटत नाही. म्हणजे अलिप्त राहायचं तर आधी पाण्यात उतरावं लागतं, आणि नेहरूंना काठावर कधी बसवतच नसे. पंतप्रधान असेपर्यंत परराष्ट्र खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. कोरियन युद्धानंतर युद्धकैद्यांचं काय करायचं, हा नसता व्यापही भारताने अंगावर घेतला. गंमत म्हणजे त्यासाठी नेमलेल्या ज्या आयोगाचे आपले जनरल थिमय्या अध्यक्ष होते, त्याच्या नावातच 'तटस्थ राष्ट्रे' होतं! ऑक्टोबर १९४९ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे मात्र नेहरू सांगून आले होते, की स्वातंत्र्यावर घाला पडला किंवा आक्रमण झालं तर आम्ही तटस्थ राहू शकत नाही आणि राहणारही नाही.

तिकडे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस हे प्रेस्बिटेरियन पाद्र्याचे चिरंजीव. जून १९५६ मध्ये त्यांनी तटस्थता ही, क्वचितचे अपवाद सोडले तर, अनैतिक ठरवून टाकली. पाप आणि पुण्य यांच्या मधोमध त्यांना जागाच दिसत नसावी. नेहरूंचाही तोल नेहमी साधला असं नाही. त्याच वर्षी सुएझ कालव्यासाठी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा ते कडाडले, सोव्हिएत रशियाने हंगेरीतला उठाव चिरडला तेव्हा मात्र चाचरले. पानाला थोडं पाणी चिकटलंच म्हणायचं.

हिंदीतला 'गुटनिरपेक्ष' बिनचूक आहे, पण रुक्ष. आपला 'अलिप्त' रसाळ, पण रोजच्या बोलण्याने त्याचा घात केलाय. 'लग्नाला आला, पण अलिप्तच होता' म्हणजे तुटक वागला. घोळ होतो तो इथेच.

तेव्हा मतदानाला 'तटस्थ' लिहा, नेहरूंच्या धोरणाला 'अलिप्त'. आजच्या धोरणाला यातलं काहीच नको. त्यासाठी 'व्यूहात्मक स्वायत्तता' (म्हणजे कुणाच्या दबावाविना आपले निर्णय आपणच घेणं) असा जडजंबाल शब्द रूढ होतोय.