‘बिब्बा घालणे’ यातला बिब्बा नेमका कोणता आणि तो ‘घालतात’ कशाला?

तुम्ही विचारलंय की ‘ठरलेल्या लग्नात बिब्बा घातला’ असं म्हणतात, त्यात बिब्बा कुठून आला.

बिब्बा म्हणजे संस्कृतातला भल्लातक. काळं, चपटं, इंचभर लांब फळ, नारिंगी मांसल देठावर बसलेलं. काजू आणि आंबा याच्याच कुळातले, म्हणून कोकणातल्या माणसाला याचा गुण वेगळा सांगायला नको. आंब्याच्या चिकाने ओठाला फोड येतो, ओल्या काजूबिया सोलताना बोटांची सालं निघतात. बिब्ब्याचं तेल त्याहून जहाल. ते टरफलात असतं. सुई टोचून फळ दिव्यावर धरलं की तपकिरी थेंब सुटतो आणि हवेत काळा पडतो. परीट याच तेलाने कपड्यावर खूण करत. वर चुन्याचं पाणी लावलं की ती पक्की काळी होते, मग कितीही धुवा, जात नाही. कातडीवर मात्र लगेच काहीच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी खाज, सूज, पाण्याचे फोड येतात. यालाच ‘बिब्बा उतला’ म्हणतात.

माझ्या मते वाक्प्रचाराचं मर्म या दोन गुणांत आहे: डाग निघत नाही आणि त्रास मागाहून कळतो. ‘खोडा घालणे’ म्हणजे वाट अडवणे. अडसर काढला की काम पुढे सरकतं. ‘मोडता घालणे’ तसंच. बिब्बा घातला की मनं नासतात. वडिलोपार्जित कलमांच्या बागेचं वाटप ठरलं, सातबारा समोर ठेवून सगळे सहीला बसले, आणि मुंबईचा चुलता आधीच एका भावाच्या कानाशी लागलेला. सही तर अडतेच, पण भावाभावांचं बोलणंही तुटतं. हा खरा बिब्बा. घालणारा माणूस हवा, त्याचा हेतू हवा. म्हणून ‘पावसाने सामन्यात बिब्बा घातला’ हे मला पचत नाही. तिथे ‘माशी शिंकली’ म्हणा.

आणि खरा बिब्बा हाताळणार असाल तर आधी हाताला खोबरेल चोळा. तेल लागलंच तर लगेच साबणाने धुवा आणि तोवर तो हात डोळ्यांना, तोंडाला लावू नका. टरफलं चुलीत घालू नका, धुरानेही अंग उततं. आतली बी, म्हणजे गोडंबी, मात्र डिंकाच्या लाडवात खुशाल घाला, फक्त ती टरफलाचं तेल न लागता फोडलेली हवी.