स्लोव्हेनियातील ह्रास्तोवल्ये हे गाव कोठे आहे आणि त्याचा इतिहास काय?

ह्रास्तोवल्ये हे नैर्ऋत्य स्लोव्हेनियातील, कोपर नगरपालिकेत मोडणारे छोटे गाव आहे. कार्स्टच्या चुनखडी पठाराचा कडा जेथे संपतो, त्याच्या पायथ्याशी ते वसलेले असून एड्रियाटिक समुद्र तेथून फार दूर नाही.

गावाचा खरा ठेवा म्हणजे टेकडीवरचे पवित्र त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) दगडी चर्च. तुर्कांच्या स्वाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून सोळाव्या शतकात त्याभोवती उंच तटबंदी उभारण्यात आली. त्यामुळे दुरून ते लहानशा गढीसारखे दिसते. आतील भित्तिचित्रे कास्तावच्या यानेझने १४९० मध्ये पूर्ण केली. त्यांतील ‘मृत्युनृत्य’ मला सर्वांत मोलाचे वाटते: पोप, राजा, राणी, व्यापारी, भिकारी आणि बालक अशा सर्वांना सांगाडे हाताला धरून उघड्या थडग्याकडे नेत आहेत, आणि व्यापारी मृत्यूलाही पैसे देऊ पाहतो आहे. पुढे ही चित्रे गिलाव्याखाली झाकली गेली आणि १९४९ मध्ये पुन्हा उजेडात आली.

पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेला हा प्रदेश पुढे इटलीकडे, नंतर युगोस्लाव्हियाकडे गेला आणि १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनियात आहे.