लेकीची केमिस्ट्री आणि आईचा जमाखर्च

प्रिय ताई,

केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की सोळा वर्षांची लेक रडकुंडीला येते, चाचणीत कशीबशी पास झाली, तुम्ही शेजारी बसलात की भांडण होतं, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी म्हणता, ‘मी जन्मभर हिशेब लिहिले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी काय मदत करणार?’

अहो, हिशेब येणारी आईच तिला हवी आहे!

शिकवायला जाऊ नका. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, तेवढं समीकरण तिला मांडू द्या. एच-टू अधिक ओ-टू, बाणापुढे एच-टू-ओ. आता मोजा: डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. पुष्कळ मुलं इथे घाईघाईने पाण्यातल्या ओच्या पायाशी दोन लिहून मोकळी होतात. बेरीज जुळते, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन बसतं. रक्कम बरोबर, खातं भलत्याचंच! आकडा बदलायचा तो रेणूंच्या आधीचा: हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. तिचं चुकलं तर ‘एक ऑक्सिजन कुठे गेला गं?’ एवढंच विचारा आणि थांबा. ते थांबणं आयांना फार जड जातं, पण उत्तर तिचं तिला सापडू द्या.

पुढे बहुतेकांचं घोडं ‘मोल’पाशी अडतं. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे सुमारे ६०२ वर २१ शून्यं इतके कण. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १८ ग्रॅम पाणी मोजून तिच्यापुढे ठेवा. जेमतेम घोटभर. हे एक मोल पाणी. मग ३६ ग्रॅम म्हणजे किती, ते तिला विचारा. गुणायचं की भागायचं इथेच ती अडखळली, तर कच्चं आहे ते गुणोत्तर, केमिस्ट्री नव्हे. आधी ते पक्कं करून घ्या.

क्लास लावण्याआधी तिला घेऊन शिक्षकांना भेटा, उत्तरपत्रिकेसकट. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ साली आवर्त सारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, मांडली, तेव्हा न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या होत्या. त्यातली एक १८८६ मध्ये जर्मेनियमने भरली. तिलाही वहीत, जिथे कळलं नाही तिथे, मोकळी चौकट सोडू द्या. शिक्षकांना विचारायचं ते त्या चौकटींतलंच.

आणि तिच्यासमोर ‘मलाही हे कधी जमलं नाही’ म्हणणं आजपासून बंद. ते मुलांना सुटकेसारखं वाटतं आणि ती प्रयत्न सोडतात.

राहिलं ते परवाचं. ‘तुझ्यावर एवढा खर्च करून हेच मार्क?’ असं रागात बोलून गेलात, ते तुम्हालाच जास्त लागलंय हे पत्रातून कळतं. ते तिला सांगा. वजनकाटा, समीकरण सगळं उद्या. आज रात्री फक्त तेवढंच बोला.